दुधीच्या झाडाखाली

लालबागच्या आमच्या चाळीतून राणीच्या बागेत जायचं म्हणजे चालतच जायचं. बसचे पैसे वाचायचे हे तर होतंच, पण बाबांना चालायला आवडायचंही. चिंचपोकळीचा पूल उजव्या हाताला मागे पडला की आई चपात्यांची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि विचारायची, "अजून किती लांब हो?" बाबांचं उत्तर ठरलेलं. "झाडां दिसाक लागली काय बाग इलो."

तसंच व्हायचं. दोन्ही बाजूंना चाळी, गोदामं, मागे गिरण्यांच्या चिमण्या, हवेत धूर आणि कापसाची भुरी, आणि मग रस्त्याच्या डाव्या अंगाला एकदम झाडांचा डोंगर उभा राहायचा. फाटकातून आत पाऊल टाकलं की अंगावर गारवा यायचा. भर मे महिन्यातसुद्धा यायचा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहायची, आणि त्या आठही माणसांना हात पसरून उभं राहता येईल अशी जागा आमच्या ओळखीत ही एकच होती.

आई 'राणीचा बाग' म्हणायची. पुल्लिंगी. चाळीतल्या सगळ्याच बायका तसंच म्हणायच्या. फाटकावर 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असं लिहिलेलं होतं, आम्ही मुलं ते मोठ्याने वाचायचो, आणि वाचून झाल्यावर पुन्हा राणीच्या बागेतच जायचो. ही राणी कोण, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. जिजाबाईंचं नाव ज्या अर्थी बागेला आहे त्या अर्थी शिवाजी महाराजांच्या घरातलीच कुणीतरी असणार, अशी माझी कितीतरी वर्षं खात्री होती.

गावाहून पाहुणे आले की त्यांना बाग दाखवणं हे गिरणगावातल्या प्रत्येक घराचं कर्तव्य होतं. वाघ, पाणघोडा, माकडं आणि हत्तीवरची सफर. पाहुणे पिंजऱ्यांकडे धावायचे, आम्ही पोरं त्यांच्या पुढे. बाबा मात्र मागे रेंगाळायचे. ते सावंतवाडीकडचे. गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. पाळी संपवून आले की केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. बागेत एखाद्या झाडापाशी थांबायचे, खोडावर तळहात टेकवायचे आणि म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात सालीवरून फिरवायचे. बकुळ, नागचाफा, वड, शिवण ही गावची ओळखीची मंडळी. पण बागेत कितीतरी झाडं अशी होती की जी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मग ते मान वर करून बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "ह्या झाड खंयसून इला असात, कोणाक म्हायत!"

त्या वाक्यात नवल असायचं आणि थोडी चौकशीही असायची. चाळीत नवं बिऱ्हाड आलं की 'गाव खंयचा?' असं विचारतात ना, तशी.

अशा एका अनोळखी झाडाला त्यांनी स्वतःच नाव ठेवलं होतं. दुधीचं झाड. मोठं, पसरलेलं झाड आणि त्याच्या फांद्यांवरून लांब लांब दोर सोडल्यासारखे देठ लोंबायचे. प्रत्येक दोराच्या टोकाला दुधीएवढं, राखाडी-तपकिरी, कठीण फळ. आम्ही दोर धरून ओढायला गेलो की बाबा ओरडायचे. फळ डोक्यात पडलं असतं तर कपाळमोक्षच होता. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे ठरवायलाही त्यांना झाडंच लागायची. वाघाच्या पिंजऱ्यापाशी भेटू असं ते कधी म्हणाले नाहीत. "वाघाकडे गर्दी आसता. दुधीकडे या."

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वेळी मी अकरा वर्षांची होते. पहिले काही दिवस चाळीत सणासारखी वर्दळ होती. एरवी पाळ्यांमुळे एकमेकांना न दिसणारे बापे दिवसाउजेडी गॅलरीत उभे. पंधरवडा गेला, महिना गेला, आणि गॅलरीतली बोलणी थांबली. आईने खाणावळ सुरू केली, म्हणजे खोलीतल्या निम्म्या जागेत परातीच पराती आणि पिठाचे डबे. बाबा सवयीने पहाटे साडेपाचला उठायचे, दाढी करायचे, सदरा घालायचे. भोंगा वाजत नव्हता. माणसाने जावं कुठे? घरी बसलं तर बायकांच्या कामात अडथळा, नाक्यावर बसलं तर उसनवारीवाले भेटणार. काही दिवसांनी आमच्या लक्षात आलं की बाबा रोज कुठेतरी जातात आणि दुपार कलल्यावर परत येतात. आई विचारायची नाही. मीही विचारलं नाही.

एके दिवशी शाळेतून आले तर गावाहून तार आलेली. आजी गेली होती. आई पोळपाटापुढे बसून रडत होती आणि मला म्हणाली, "बाबांना बोलावून आण." कुठून आणू, असं मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "राणीच्या बागेत बघ." तिला ठाऊक होतं.

मी पळतच गेले. दुधीच्या झाडाखाली सातआठ माणसं बसली होती. एकदोघं पत्ते खेळत होते, एक जण अंगाखाली वर्तमानपत्र घालून झोपला होता, बाकीचे नुसते बसले होते. बाबा खोडाला पाठ लावून बसले होते आणि त्यांच्या हातात एक फूल होतं. अजून ते फूल माझ्या डोळ्यांपुढे आहे. वाटीएवढं मोठं, काळपट लाल, कडा दुमडलेल्या, आतून मखमलीसारखं आणि पाकळी इतकी जाड की फुलाचं वजन हाताला कळावं. वास बरा नव्हता. मी काही बोलायच्या आधी त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "रात्री फुलता, सकाळी पडता. ह्येका रातपाळी आसा बघ."

मग मी तारेचं सांगितलं.

त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. पुढे त्यांनी एका इमारतीत रखवालदाराचं काम केलं, तेही रात्रीचं. बागेत जाणं सुटलं. माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला आले आणि माझंही सुटलं. पण संपाचं नाव निघालं की मोर्चे, सभा, भाषणं यांच्याही आधी मला ते फूल आठवतं, आणि ते झाड नसतं तर ती सात-आठ माणसं त्या वर्षात कुठे बसली असती, हे आठवतं.

राणीच्या बागेचा इतिहास मी फार उशिरा वाचला. वाचताना सारखं वाटत होतं की हे बाबांना सांगायला हवं होतं. कारण त्यांच्या 'खंयसून इला असात' या प्रश्नाचं उत्तर बागेलाच लागू पडतं. ही बागच मुळी दुसरीकडून उठून आलेली आहे.

१८३०मध्ये मुंबईत पश्चिम हिंदुस्थानासाठी शेती आणि बागायतीची एक संस्था निघाली. तिची वनस्पतींची बाग होती शिवडीला. देशोदेशीची झाडं आणायची, ती इथल्या मातीत रुजतात का बघायचं, फळं-फुलं-भाज्यांचे प्रयोग करायचे, असं तिचं काम. पुढे शहर वाढलं, मरणंही वाढली, आणि युरोपीय लोकांना दफनभूमीसाठी जागा हवी झाली. ती जागा म्हणून शिवडीची बाग गेली. आजही शिवडीला ख्रिस्ती दफनभूमी आहे ती तीच. बागेला बदली म्हणून भायखळ्याच्या अंगाला माझगावातली माउंट इस्टेटची जमीन मिळाली. मेलेल्यांना जागा करून देऊन ही बाग जिवंत माणसांच्या वस्तीत आली.

१९ नोव्हेंबर १८६२ला गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती खुली झाली. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. ती आमची राणी! ते वर्षही बघा कोणतं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला पोचत नव्हता, आणि इथला कापूस सोन्याच्या भावाने जात होता. मुंबईत पैसा पाण्यासारखा वाहत होता. त्याच भरात बागेच्या दाराशी वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहत होती. डॉ. भाऊ दाजी लाड, डॉ. जॉर्ज बर्डवूड आणि नाना शंकरशेट यांनी त्यासाठी लोकवर्गणी जमवली होती. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला, मोठमोठ्या पेढ्यांचं दिवाळं निघालं. वर्गणी आटली आणि इमारत अर्ध्यावर राहिली. शेवटी सरकारने ती पुरी केली आणि २ मे १८७२ला संग्रहालय उघडलं. कापसाची तेजी, कापसाची मंदी आणि त्यात मधेच अडकलेली माणसं, हे भायखळा-परळच्या नशिबी १९८२च्या शंभर वर्षं आधीपासून होतं.

भाऊ दाजींबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. मांद्रे हे त्यांचं गोव्यातलं गाव. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते डॉक्टर. कुष्ठरोगावर त्यांनी औषध शोधलं ते झाडातून, कडू कवठाच्या बियांच्या तेलातून. ताम्रपट वाचणारा, नाणी जमवणारा, गरिबांना फुकट औषध देणारा हा माणूस १८७४मध्ये गेला. त्यांचं नाव संग्रहालयाला लागायला मात्र १९७५ साल उजाडावं लागलं. तोवर ते 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' होतं. आमच्या लहानपणी तिथे अंधार आणि धूळ असायची, काचेमागचे मातीचे पुतळे बघून धाकटा भाऊ घाबरायचा. आता जाऊन बघा. २००३ ते २००८ अशी पाच वर्षं खपून त्याची डागडुजी झाली आणि युनेस्कोनेही त्या कामाचा गौरव केला. छताची हिरवी-सोनेरी नक्षी बघताना मान दुखते, तरी खाली बघवत नाही.

संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती आहे. लहानपणी आम्ही त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. जिवंत हत्ती असताना दगडाचा कोण बघतो? मी त्याच्याजवळ पहिल्यांदा थांबले ती चाळिशी उलटल्यावर. जवळ जाऊन बघितलं तर अंगावर सांधे दिसतात. तुटलेला माठ चिकटवावा तसे तुकडे एकमेकांना जोडलेले. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा हा त्यांना दिसला आणि याच्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. म्हणजे अख्ख्या जगाला ठाऊक असलेलं ते नाव ज्याच्यामुळे पडलं तो हत्ती बेटावर नाहीच, तो भायखळ्यात उभा आहे. १८६४मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला होता. उचलताना यारी, म्हणजे क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणून ठेवले गेले आणि १९१४मध्ये कुठे पुन्हा जोडले गेले. पन्नास वर्षं तो तुकड्यांत होता! त्या सांध्यांवरून बोट फिरवावंसं वाटतं. मी फिरवलं नाही, नुसती बघत राहिले.

तिथेच मागे खुद्द राणी आहे. संगमरवराची, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेली. फोर्टात मोठ्या थाटात १८७२मध्ये तिचं अनावरण झालं होतं. १८९६मध्ये दामोदर हरी चापेकरांनी याच पुतळ्याला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. रँडच्या आधीची ही गोष्ट. शाळेत चापेकर शिकवताना रँड शिकवतात, ही राणी शिकवत नाहीत. स्वातंत्र्यानंतर रस्त्यांवरचे राजे-राण्या हलवायचं ठरलं तेव्हा त्यांना जागा मिळाली ती इथेच. १९६५मध्ये काळा घोडाही आला, म्हणजे घोड्यावर बसलेला युवराज, पुढचा सातवा एडवर्ड. ज्या चौकातून तो उठला त्या चौकाला लोक अजून काळा घोडाच म्हणतात. आणि २०१७मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर कुणीच नाही.

शहराला काय कुठे ठेवावं कळलं नाही की त्याने ते राणीच्या बागेत आणून ठेवलं. मोडका हत्ती, उतरवलेली राणी, उतरवलेला राजा. बागेने कुणालाच नाही म्हटलं नाही. १८७३मध्ये ती नगरपालिकेकडे आली, १८९०मध्ये तिची हद्द वाढवून प्राणी आणले गेले, आणि तेव्हापासून मुंबईकरांच्या मनात बाग म्हणजे प्राणी हे समीकरण बसलं ते आजतागायत. मला याचंच वाईट वाटतं. प्राणी यायच्या आधी अठ्ठावीस वर्षं इथे झाडं होती आणि ती बघायला लोक येत होते. पन्नासहून जास्त एकरांची ही जागा पहिल्यापासून झाडांची आहे. बाकी सगळे नंतरचे.

ती झाडं तरी कुठली? इथली थोडी, आणि बाकी सगळ्या जगाची. गोरखचिंच आफ्रिकेची, समुद्र पार करून व्यापाऱ्यांबरोबर आलेली, आणि इथे येऊन तिला गोरखनाथांचं नाव मिळालं. उर्वशी ब्रह्मदेशातली. लॉर्ड ॲमहर्स्टच्या बायकोचं नाव तिला शास्त्रज्ञांनी दिलं, पण थंडी सरताना लाल-पिवळ्या फुलांचे घोस हारासारखे खाली सुटतात तेव्हा ते विलायती नाव कुणाला आठवणार? आपल्या लोकांनी तिला उर्वशी म्हटलं आणि प्रश्न मिटला. मादागास्करचा कोलव्हिलिया आहे. पाऊस ओसरला की शेंदरी गोंड्यांनी भरून जातो. ज्या चार्ल्स कोलव्हिलचं नाव त्याला आहे तो मॉरिशसला गव्हर्नर म्हणून जाण्याआधी मुंबईच्या लष्कराचा सरसेनापती होता. म्हणजे माणूस मुंबईहून बेटावर गेला आणि त्याच्या नावाचं झाड बेटांकडून मुंबईत आलं. कृष्णवड मात्र आपला. त्याचं पान देठाशी दुमडून द्रोण झालेलं असतं. कृष्णाने चोरलेलं लोणी त्यात लपवलं अशी गोष्ट आहे. मी एक गळलेलं पान उचलून त्यात बाटलीतलं पाणी ओतून बघितलं. दोन घोट मावले आणि गळले नाहीत.

आणि कैलासपती. हे झाड दक्षिण अमेरिकेचं, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही देवळाच्या पुजाऱ्याला तसं सांगून बघा, त्याचा विश्वास बसणार नाही. फुलं फांदीला येत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या वेड्यावाकड्या काड्यांना येतात. सहा जाड पाकळ्या, बाहेरून पिवळट, आतून गुलाबी-तांबड्या. मधोमध पुंकेसरांची चकती, आणि तिच्यातूनच निघून वर वाकलेली, टोकाला तंतूंची झालर असलेली पट्टी. नागाने फणा धरावी तशी. फण्याखाली ती बारीक पिंड. ब्राझीलच्या जंगलात हे फूल लाखो वर्षं उमलत होतं आणि त्यात शंकर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ते त्याला इथे आल्यावर कळलं. त्याची फळं तोफेच्या गोळ्यांसारखी, आणि फुटली की घाण मारतात. पण फुलाचा वास एकदा घेतला की दिवसभर नाकात राहतो.

मला ही नावं कळली ती काही बायकांमुळे. २००७च्या सुमारास बागेचा कायापालट करायची मोठी योजना आली, सुमारे ४३३ कोटींची. परदेशी धर्तीचं प्राणिसंग्रहालय, जगभरातले प्राणी, नवे रस्ते, नव्या इमारती. आराखड्यात झाडं कुठे होती? त्या बायकांनी हाच प्रश्न विचारला. त्या कुठल्या मोठ्या पदावरच्या नव्हत्या, बागेवर जीव असलेल्या होत्या. त्यांनी बागेतलं एकेक झाड मोजलं, ओळखलं, लिहून काढलं. ३,२१३ झाडं आणि २८६ जाती. मग अर्ज, माहितीचा अधिकार, वारसा समितीपुढे मांडणी, वर्तमानपत्रं, सह्या, आणि दर थोड्या दिवसांनी लोकांना गोळा करून बागेत फेरी. योजना होती तशी मंजूर झाली नाही, तिला कात्री लागली. मुंबईत झाडांच्या बाजूने लढून असं काही पदरात पडणं किती दुर्मीळ आहे, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मला त्या बायकांविषयी फार आदर वाटतो. त्यांनी मोजलं म्हणून बोलता आलं. न मोजलेलं झाड तोडणं सोपं असतं.

अशाच एका फेरीत मी गेले होते. चालत चालत आम्ही एका झाडापाशी आलो, आणि दोरांना लोंबणारे ते दुधी दिसताच माझे पाय थांबले. दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "हा ब्रह्मदंड. मूळचा आफ्रिकेतला. याची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यातला मध खायला येतात आणि परागीकरण होतं. सकाळपर्यंत फुलं गळून पडलेली असतात."

रातपाळी. बाबांनी शाळा सातवीपर्यंत केलेली. एका झाडाखाली वर्षभर रोज सकाळी बसून, खाली पडलेली ताजी फुलं बघून त्यांनी ते स्वतः ताडलं होतं. मी बाईंना काही सांगू शकले नाही. घसा दाटून आला होता.

आता बागेत पेंग्विन आहेत. २०१६मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यांतला एक थोड्याच महिन्यांत गेला, आणि २०१७च्या मार्चमध्ये ते लोकांना दाखवायला सुरुवात झाली. भाचीच्या मुलीला घेऊन मी गेले होते. काचेपलीकडे सोळा-अठरा अंशांचा थंडावा, निळं पाणी आणि त्यात बाणासारखे सुटणारे ते पक्षी. पोर काचेला नाक लावून उभी राहिली. तिचा आनंद खराच होता, मी तो मोडणार नाही. पण त्याच वर्षी पाच रुपयांचं तिकीट पन्नासचं झालं, हे माझ्या मनातून जात नाही. पन्नास रुपये आज फार नाहीत, असं म्हणणारे म्हणतील. पुलाखाली राहणाऱ्या, नाक्यावर बिगारीची वाट बघणाऱ्या माणसाला विचारा. संपाच्या वर्षात बागेचं तिकीट असं असतं तर बाबा रोज आत येऊन बसू शकले नसते. काम गेलेल्या माणसाला दिवस काढायला सावली लागते. ती मुंबईत जिथे तिथे फुकट मिळायला हवी असं मला वाटतं, आणि निदान शहरातल्या सगळ्यात जुन्या झाडांखाली तरी मिळायलाच हवी.

दुसरी काळजी मुळांची. झाडाचं मूळ पार बुंध्यापाशी असतं असं समजून चोहोबाजूंनी फरशा आणि काँक्रीट घातलेलं मी बागेत पाहिलं आहे. एवढ्या मोठ्या झाडाची मुळं फांद्यांच्याही पलीकडे पसरलेली असतात. वरून हिरवं दिसतं, आणि मग एखाद्या पावसाळ्यात वारा जरा जोरात आला की एवढा वृक्ष आडवा होतो. लोक म्हणतात, जुनं झालं होतं.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या थंडीत मी एकटीच बागेत गेले. बुधवार सोडून कुठलाही दिवस धरायचा, कारण बुधवारी बाग बंद असते. सकाळची वेळ होती. ब्रह्मदंडाखाली एक माळीबुवा खराट्याने फुलं गोळा करत होते, काळपट लाल फुलांचा ढीग झाला होता. मी त्यांच्याकडे एक मागितलं. "ह्याचा वास येतो ताई," ते म्हणाले, आणि ढिगातलं नको म्हणून शोधून एक अखंड फूल दिलं. तेच वजन, तीच मखमल. मी खोडाला तळहात लावला. साल थंडगार होती.

तेवढ्यात एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर मूल, बाप्याच्या हातात डब्याची पिशवी. बोलण्यावरून साताऱ्याकडचे वाटले. त्याने विचारलं, "मावशी, पेंग्विन कुठं आहेत वो? कवापासून फिरतोय."

मी हात वर करून दाखवायला लागले. "ती समोर गोळ्यांसारख्या फळांची झाडं दिसतात ना, खोडालाच फुलं लागलेली, तिथपर्यंत सरळ जा. तिथून ताडांची रांग दिसेल, त्या रांगेने चालत राहा. आणि चुकलात तर परत इथे या, या दुधीच्या झाडापाशी. मी आहे अजून थोडा वेळ."

बाईने कडेवरच्या पोराला वरचे लोंबणारे दुधी दाखवले. पोराने दोन्ही हात पसरले.